एकशे त्रेपन्न

बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर
कांदे नाहीत, बटाटे नाहीत.
४८, त्याखाली ५७६, मग ६८४,
७९२, १०८०, ५१३, १५३.
पुढे नुसतंच १५३, १५३, १५३,
रिफिल संपेपर्यंत.

तुर्भ्याच्या मार्केटात ते मापाडी.
अठ्ठेचाळीस म्हणजे कुठल्याशा गोणीचं वजन असावं.
रात्री गाडी घाटात अडकली की
चुनीलाल मुनीम गादीवरून हाक मारायचे :
फडतरे, बोला आकडा, तीनने भाग जाणारा.

मग अंक सुटे करायचे.
प्रत्येकाचा घन, घनांची बेरीज,
आलेला आकडा पुन्हा उसवायचा,
गोणीचं तोंड उसवून पुन्हा शिवावं तसा.
ट्रकचा नंबर असो, पट्टीवरची रक्कम असो,
कितीही भटकू दे,
शेवटी येतो एकशे त्रेपन्नावर
आणि आला की हलत नाही.
एकाचा एक, पाचाचे सव्वाशे, तिनाचे सत्तावीस.
स्वतःला स्वतःच्या काट्यावर टाकतो
आणि तूट नाही, बाबा म्हणायचे,
असा माल मी दुसरा पाहिला नाही.

तळाला सतरा गोण्या, वर सोळा, वर पंधरा,
असं करत टोकाला एक,
तरी एकशे त्रेपन्नच.
हमालांनी अशी थप्पी कधी लावली नाही.
टोकावरची कोण नेऊन ठेवणार?
बाबांनी ती गाळ्याच्या शटरवर खडूने लावली.
सकाळी शटर वर गेलं, थप्पी गुंडाळली गेली.

कोपरखैरण्याच्या खोलीत आधी बाबा एकटे.
एकट्याने आडवं पडायची एकच तऱ्हा.
आई आली, दोन.
मी झाले, सहा तऱ्हा.
भाऊ झाला, चोवीस.
काका कराडहून हमालीला आले
आणि ओळीने पाच अंथरुणं, एकशेवीस.
कर बेरीज, बाबा अंधारातच म्हणाले.
मी बोटांवर करायला गेले, बोटं संपली,
मग भावाची घेतली.
एकशे त्रेपन्न!
आई मोरीपाशी भांडी पालथी घालत होती.
एकशेवीस कसल्या, म्हणाली,
भाऊजी चारला उठतात, ते दारापाशी.
पोरगी भिंतीला. पोरगा माझ्या कुशीत.
तुम्ही उरल्या जागेत.
एकच तऱ्हा आहे, झोपा.

काका गावी परतले, गुडघे घेऊन.
भाऊ चाकणला.
बाबा मागच्या मार्गशीर्षात.
बेरजा उलट्या करता येतात,
हे शाळेत शिकवलं होतं, मला ते नीट समजलं नव्हतं.

आता आम्ही दोघी.
रात्री रबाळ्याकडून कारखान्याचा वास येतो,
खिडकी लावून मी वही उघडते.
दोन. आठ. पाचशे बारा.
एकशे चौतीस, ब्याण्णव,
सातशे सदतीस, सातशे तेरा,
तीनशे एकाहत्तर.
आणि तिथेच थांबतं. तोही स्वतःला पुरा भरतो,
त्याच्यातही तूट नाही.
शेजारी लागूनच तीनशे सत्तर, तोही तसाच,
भिंतीला भिंत, आणि दोघांची कधी गाठ नाही.
पुन्हा करून पाहते.
आठ. पाचशे बारा.
तीनने भागून दोन उरले
की ते दोन वाटेत कुठेच झडत नाहीत.

आई विचारते, काय गिरवतेस?
हिशोब, म्हणते मी.
कुणाचं देणं आहे?
नाही गं.

ती चुलीपाशी, म्हणजे शेगडीपाशी,
अजून चूलच म्हणते ती,
आमटीला फोडणी देते, झाकण ठेवते.
जास्त झाली, म्हणते.
माझा हातच अजून पाचांचा आहे.
लीलाम्माला हाक मार जा,
एकटीच भात खात असेल टीव्हीपुढे.

मी उठते. वही तशीच उघडी.
मागे मांडणीवरून ताटं काढल्याचा आवाज,
एक, दोन,
आणि एक जरा अडकलेलं.
जिन्यात दिवा नाही.
सत्तावीस, मी पुटपुटते,
आणि लीलाम्माची बेल दाबते.